फास्ट फॅशन, कोकण किनारा आणि आपले कपडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फास्ट फॅशन म्हणजे नेमके काय?

नव्या तऱ्हेचे कपडे अत्यंत कमी वेळात, अत्यंत कमी किमतीत आणि ते थोडेच दिवस वापरले जातील असे गृहीत धरून बाजारात आणण्याची पद्धत म्हणजे फास्ट फॅशन. पूर्वी आपल्याकडे कपड्यांची खरेदी गौरी-गणपती, दिवाळी, लग्नकार्य आणि शाळा सुरू होण्याचे दिवस यांच्याशी बांधलेली होती, आणि दुकानदारही त्याच चालीने माल भरत असे. आता मोबाइलवर दर आठवड्याला नवा माल दिसतो आणि गावातल्या पोस्टमनपेक्षा कुरिअरवाल्याची फेरी अधिक नियमित झाली आहे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार आधीच्या सुमारे पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले, आणि त्याच काळात एक कपडा टाकून देण्यापूर्वी जितक्या वेळा अंगावर घातला जातो ती संख्या सुमारे ३६ टक्क्यांनी घटली. या दोन आकड्यांतला दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो कारखान्यात नव्हे तर आपल्या कपाटात ठरतो.

कोकणात कापडाचे कारखाने फारसे नाहीत. मग हा प्रश्न आमचा कसा?

प्रथम हे लक्षात घ्यावे की कापडाशी कोकणाचे नाते जुने आणि कष्टाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या गिरण्या ज्या हातांवर चालल्या, त्यांतले असंख्य हात रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि त्या काळी या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत होता. गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर इथली घरे उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, त्याची झळ इथल्या वाडी-वाडीला लागली. कापड विणण्यामागे किती श्रम असतात हे ज्या प्रदेशाला घरातूनच ठाऊक आहे, त्याने तीन-चार वेळा घालून कपडा टाकणे मला विशेष खटकते.

दुसरी गोष्ट अशी की उत्तर कोकणाने रंगाई आणि धुलाईच्या उद्योगाचे परिणाम डोळ्यांनी पाहिले आहेत. उल्हासनगर परिसरातील जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे निळे पाणी वर्षानुवर्षे वालधुनी नदीत मिसळत होते. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एक रस्ता रसायनांमुळे गुलाबी झाल्याची छायाचित्रे राज्यभर पोहोचली.

तिसरी गोष्ट दक्षिण कोकणाला थेट लागू होते. इथे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये जेमतेम काही कोसांचे अंतर आहे. ओढ्याकाठी टाकलेला कपडा पहिल्याच मोठ्या पावसात व्हाळाला, व्हाळातून नदीला आणि नदीतून खाडीला लागतो. ओहोटीच्या वेळी कोणत्याही खाडीकाठच्या कांदळवनात जाऊन पाहावे. तिवरांच्या वर आलेल्या श्वासमुळांना साड्यांचे पट्टे, बनियनी आणि दप्तरांचे बंद गुंडाळलेले दिसतात. झाड ज्या मुळांनी श्वास घेते त्यांनाच ही गुंडाळी बसते, आणि याच मुळांच्या आडोशाला कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले वाढतात.

एका सुती टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागते, हे खरे आहे का?

हा आकडा जागतिक सरासरीचा अंदाज आहे आणि त्यात कापसाच्या शेतीला लागणाऱ्या पाण्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. ग्रामीण नळपाणी योजनांत माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले जाते. त्या हिशेबाने हे पाणी एका माणसाला सुमारे ४९ दिवस पुरेल. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांना यातला अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र हा आकडा सरसकट वापरू नये. महाराष्ट्रातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, म्हणजे तो पावसावर येतो. मध्य आशियात मात्र कापसासाठी अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी १९६० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर वळवले गेले आणि अरल समुद्र आटत गेला. म्हणजे एकाच जातीच्या दोन शर्टांमागचे पाणी अगदी वेगळे असू शकते. आपल्याकडच्या कापसाचे दुखणे पाण्यापेक्षा कीटकनाशकांचे अधिक आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

कापूस पिकल्यानंतर रंगाई येते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या होजिअरी टी-शर्टांपैकी पुष्कळसे तमिळनाडूतील तिरुपूरचे असतात. तिथल्या रंगाईच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी बिघडली की शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपलायम धरणात ते दूषित पाणी साठून राहिले. अखेर २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाणी अजिबात बाहेर न सोडण्याची अट न पाळणारे रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तिथे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. नियम कडक असला तर उद्योग बदलू शकतो, याचे हे आपल्याच देशातले उदाहरण आहे.

पॉलिएस्टरला शेतीचे पाणी लागत नाही, ते टिकते आणि पावसाळ्यात पटकन वाळते. मग तेच बरे नाही का?

कोकणात हा प्रश्न अगदी रास्त आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस झेलणाऱ्या घरात सुती साडी वाळायला दोन-दोन दिवस लागतात, आणि पडवीतल्या दोरीवरचा कपडा रात्रीतून वाळतो की नाही यावर सकाळची शाळा अवलंबून असते. म्हणून पॉलिएस्टर वापरणाऱ्या कोणालाही दोष देण्याचा इथे हेतू नाही. रेनकोट, छत्रीचे कापड, होडीवर घालायचे जाकीट यांना कृत्रिम धागाच योग्य आहे.

परंतु पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेलापासून बनवलेले प्लास्टिकच आहे. पाण्याची बाटली ज्या पदार्थाची असते त्याच पदार्थाचा हा धागा असतो. २०२३ साली जगात तयार झालेल्या सुमारे १२.४ कोटी टन वस्त्रतंतूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा होता. फास्ट फॅशन आजच्या दराने चालू शकते ते याच स्वस्त धाग्यामुळे. टिकाऊपणाचा गुणही इथे उलटतो. कपडा अंगावर सहा महिने राहतो, पण मातीत किंवा वाळूत अनेक दशके कुजत नाही. टिकाऊ धाग्याचा कपडा अनेक वर्षे वापरणे हा शहाणपणा आहे, तोच धागा एका समारंभापुरता वापरणे हा अपव्यय आहे.

कपडे धुण्यामुळे समुद्रात प्लास्टिक कसे पोहोचते?

कृत्रिम धाग्याचा कपडा घासला किंवा घुसळला गेला की त्यातून डोळ्यांना न दिसणारे बारीक तंतू सुटतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात असे आढळले. आपल्याकडच्या बहुतेक गावांत धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात, परसातल्या माडाच्या आळ्यात किंवा थेट गटारातून व्हाळात जाते. हे तंतू अडवणारी कोणतीही व्यवस्था मध्ये नसते.

समुद्रात पोहोचलेले तंतू पाणी गाळून जगणाऱ्या जिवांच्या पोटात सर्वांत आधी जातात. कालवे, तिसऱ्या आणि शिणाणे हे असेच जीव आहेत. जगभरच्या किनाऱ्यांवरील शिंपल्यांमध्ये असे तंतू सापडले आहेत. माशाचे पोट आपण साफ करतो, शिंपला मात्र आपण सबंध खातो. ज्यांच्या रोजच्या जेवणात ओहोटीला वेचून आणलेल्या तिसऱ्यांची आमटी असते, त्यांच्यासाठी हा विषय दूरचा नाही.

उपाय साधे आहेत. कृत्रिम कपडे प्रत्येक वेळी घातल्यावर धुण्याची गरज नसते, वाऱ्यावर टाकले तरी बऱ्याचदा पुरते. धुवायचे असतील तेव्हा थंड पाणी घ्यावे, यंत्र पूर्ण भरावे आणि कमी वेळाची धुलाई लावावी. धोंडीवर आपटून आणि प्लास्टिकच्या ब्रशने घासून धुण्यासाठी पॉलिएस्टर बनलेलेच नाही, ते साबणाच्या पाण्यात भिजवून हाताने चुरले तरी स्वच्छ होते. नवा कपडा पहिल्या काही धुण्यांत सर्वाधिक तंतू सोडतो, त्यामुळे कमी नवे कपडे घेणे हाच यावरचा सर्वांत मोठा उपाय ठरतो.

कापड सुती आहे की कृत्रिम, हे कसे ओळखावे?

आतल्या बाजूचे लेबल वाचावे. लेबल नसेल तर शिवणीतला एक धागा काढून तो चिमट्यात धरून मोकळ्या जागी जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आकसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याची कडक काळसर गोळी होते. दोन्ही लक्षणे दिसली तर कापड मिश्र आहे असे समजावे. केवळ स्पर्शावर विसंबू नये, कारण हल्ली "कॉटन" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ साड्या मिश्र किंवा पूर्ण कृत्रिम धाग्याच्या असतात.

जुने कपडे पालापाचोळ्याबरोबर जाळले तर काय बिघडते?

शुद्ध सुती चिंधी जळली तर फार बिघडत नाही, पण आजच्या ढिगात शुद्ध सुती कपडा क्वचितच असतो. नायलॉन जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघू शकतात, आणि टी-शर्टवरच्या रबरी छपाईत पीव्हीसी असेल तर तिच्या धुरातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिने नावाची विषारी रसायने बाहेर पडतात. पाणचुलीत कपडे घालून आंघोळीचे पाणी तापवणे तर पूर्णपणे बंद करावे, कारण तो धूर घरातच कोंडतो आणि त्याच्याजवळ बसलेली असते ती बहुधा घरातली म्हातारी माणसे किंवा लहान मुले.

आमच्याकडे वाकळ शिवत, बोहारणीला कपडे देत. ती पद्धत आता का चालत नाही?

ही पद्धत फार विचारपूर्वक घडलेली होती, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. माझ्या आजीचे नऊवारी लुगडे आधी अंगावर, मग घरात नेसायला, मग मधला चांगला भाग काढून बाळंतिणीच्या खोलीत दुपट्यांसाठी, आणि उरलेला भाग वाकळेत जाई. वाकळ विरली की तिचे तुकडे हात पुसायला आणि शेवटी पोतेऱ्याला. पोतेरे संपले की ते परसातल्या मातीत मिळून जाई. या साखळीत कचरा असा कुठे तयारच होत नव्हता, कारण प्रत्येक टप्प्यावर कापड मऊ होत जाई, पाणी शोषत असे आणि शेवटी कुजत असे.

पॉलिएस्टरची साडी या साखळीत बसत नाही. ती बाळाच्या अंगाला टोचते, पोतेरे म्हणून पाणी टिपत नाही, वाकळेत घातली तर घाम आणते, आणि मातीत पडली तर तशीच राहते. मग ती जाते परड्यातल्या भाजीभोवती, माकडांपासून आणि रानडुकरांपासून रक्षण करणारे कुंपण म्हणून. हा उपयोग वाईट नाही. पण दोन उन्हाळे खाल्लेली साडी हाताला लागताच भुगा होऊ लागते, तेव्हा ती जमिनीत मिसळू न देता वेळीच उतरवावी. ज्या घरात आजही सुती कपडे आहेत तिथे वाकळ जरूर शिवून घ्यावी. वाकळ शिवणाऱ्या बायका अनेक गावांत अजून आहेत आणि त्यांच्या टाक्यांना योग्य मजुरी मिळाली तर ही कला टिकेल.

आहेर, ओटीचे खण, हळदीचे एकसारखे कपडे, क्रिकेटच्या जर्सी : हे सगळे बंद करायचे का?

माणसे जोडणारे प्रसंग बंद करायला कोणीच सांगणार नाही. पण या चार गोष्टींत कोकणातला सर्वाधिक निरुपयोगी कापडखर्च होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आहेरात आलेली साडी बहुतेक घरांत नेसली जात नाही. ती ट्रंकेत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी जाते. तो फिरता आहेर कधीतरी घडी न मोडताच विरतो. ओटीच्या खणाचेही तसेच आहे. पूर्वीच्या खणाची चोळी शिवली जात असे, आजचा चकचकीत कृत्रिम तुकडा कोणाच्याही मापाला पुरत नाही. नात्यात आपसांत बोलून आहेर "नको" असे पत्रिकेत छापणारी घरे आता वाढत आहेत, त्यांचे अनुकरण करावे. ओटीत खणाऐवजी सुती पंचा, टॉवेल किंवा खरोखर शिवता येईल इतके सुती कापड द्यावे. ओटीतला मान नारळ-तांदळाने पुरा होतो आणि कापडही कामी येते.

हळदीसाठी पन्नास जणांनी एकाच पिवळ्या रंगाचे नवे कपडे घेण्याची रीत गेल्या काही वर्षांतच रुजली आहे. त्यांतले बहुतेक त्या संध्याकाळनंतर पुन्हा घातले जात नाहीत. ज्याच्याकडे जे पिवळे असेल ते त्याने घालावे, एवढे यजमानांनी आधीच सांगितले तर वाडीतल्या गरीब घरांवरचा ताणही हलका होतो. कर्ज काढून हळदीचा ड्रेस घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

जर्सींचा प्रश्न तरुण मंडळांनी स्वतः सोडवावा. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा भरतात आणि प्रत्येक स्पर्धेसाठी नवी छापील पॉलिएस्टर जर्सी निघते. पाठीवर वर्ष आणि स्पर्धेचे नाव न छापता फक्त संघाचे नाव छापले, तर तीच जर्सी तीन-चार हंगाम चालते. प्रायोजकांचे नाव हवेच असेल तर ते मैदानावरच्या कापडी फलकावर लावता येते.

जुने कपडे दान केले की प्रश्न सुटतो ना?

काही अंशी सुटतो, पण आपण समजतो तितका नाही. युरोप-अमेरिकेत दान केलेल्या कपड्यांचे गठ्ठे घानामधील अक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात येतात, आणि त्यांतला न विकला गेलेला माल गटारांतून तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचतो. चिलीमध्ये इकिके बंदरात उतरलेल्या कपड्यांतला नको असलेला भाग अटाकामा वाळवंटात ढिगांनी पडलेला जगाने पाहिला. आपल्या देशात हरियाणातील पानिपत हे शहर परदेशातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचा धागा करून ब्लँकेटे विणते. जुने कापड जुन्याच कपड्यात परत येण्याचे प्रमाण मात्र जगभरात १ टक्क्याहूनही कमी आहे, कारण मिश्र धाग्यांची विभागणी अवघड आणि खर्चिक असते.

आपत्तीच्या वेळी तर अधिक विचार करावा. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा चिखलाने माखलेल्या सामानाचे आणि कपड्यांचे ढीग उचलणे हेच तिथले मोठे काम होऊन बसले होते. अशा ठिकाणी आणखी विटके, फाटके कपडे पाठवणे ही मदत नव्हे. द्यायचे तर धुतलेले, बटणे असलेले, त्या हवेला साजेसे आणि समोरच्याने मागितलेले कपडे द्यावेत. कापड कामाचा मोबदला म्हणून सन्मानाने देण्याची रीत १९९९ साली सुरू झालेल्या दिल्लीच्या "गूंज" या संस्थेने रुजवली आहे, तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. गावातल्या गावात, ओळखीच्या मुलाला त्याच्या मापाचा गणवेश देणे हे तर सर्वांत उत्तम दान आहे.

"रिसायकल्ड", "इको", "ग्रीन" अशी लेबले असलेले कपडे घ्यावेत का?

सावधपणे. पुनर्वापर केलेले पॉलिएस्टर जवळजवळ सगळेच जुन्या कपड्यांपासून नव्हे, तर पाण्याच्या बाटल्यांपासून बनते. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, पण तिचा शर्ट झाला की पुढचा मार्ग बहुधा कचऱ्याचाच असतो, आणि धुताना त्यातूनही तंतू सुटतातच. "इको" या शब्दामागे पुष्कळदा कोणतीही तपासणी नसते. त्यापेक्षा सेंद्रिय कापडासाठी जीओटीएस, हातमागासाठी हँडलूम मार्क आणि खादीसाठी खादी मार्क ही चिन्हे अधिक विश्वासाची आहेत.

सुती आणि हातमागाचे कपडे महाग असतात. सामान्य माणसाने काय करावे?

महाग कपडे घ्या, असे इथे कोणालाही सांगायचे नाही. ज्याचे हातावर पोट आहे तो मुळातच कमी कपडे घेतो आणि ते फाटेपर्यंत वापरतो, त्यामुळे त्याचा भार पर्यावरणावर सर्वांत कमी असतो. हा प्रश्न ज्यांना निवड करता येते त्यांचा आहे. त्यांनी किंमत कपड्याला नव्हे, तर वापराला लावावी. ३०० रुपयांचा टॉप सहा वेळा घातला तर एका वापराला ५० रुपये पडतात, ९०० रुपयांचा सुती शर्ट १५० वेळा घातला तर ६ रुपये.

कमी किमतीतला उरलेला भाग कोणीतरी दुसरा भरत असतो, हेही लक्षात ठेवावे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेल्याचे दिसले होते. त्याच इमारतीतील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, पण शिलाई कामगारांना कामावर बोलावण्यात आले, कारण परदेशी मागणीची तारीख चुकवायची नव्हती.

पावसाळ्यात सुती कपड्यांना काळे ठिपके पडतात. ते कसे टिकवावेत?

ओलसर कपडा कधीही घडी करून ठेवू नये. पावसाळ्यात जाड सुतीऐवजी पातळ, मलमलीसारखे सुती कापड वापरावे, ते लवकर वाळते. घरात चूल असेल तर तिच्यापासून सुरक्षित अंतरावरच्या वलणीवर, नसेल तर पंख्याखाली कपडे पूर्ण कोरडे करावेत. कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि श्रावणात ऊन पडले की सगळे कपडे एकदा बाहेर काढावेत. सणासुदीच्या साड्या जुन्या सुती धोतरात गुंडाळाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो.

मृत व्यक्तीचे कपडे नदीत किंवा खाडीत सोडण्याची रीत आहे. तिचे काय करावे?

हा दुःखाचा प्रसंग असतो आणि त्यात कोणी उपदेश करू नये. तरी घरच्या वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून ठेवता येते. पाण्यात सोडायचेच असेल तर एखादे लहानसे शुद्ध सुती वस्त्र सोडावे, बाकीचे कपडे गरजूंना द्यावेत. काही घरांत आईच्या सुती पातळांची वाकळ शिवून ती मुलींमध्ये वाटतात. त्या वाकळेत आईची ऊब राहते, असे त्या सांगतात.

सुरुवात कुठून करावी?

येत्या गणपतीच्या खरेदीपासून. खरेदीच्या महिनाभर आधी एका रविवारी घरातले सगळे कपडे ओटीवर काढावेत आणि प्रत्येकाने आपापले पाहावेत. उसवलेले, बटण तुटलेले, घट्ट झालेले, फॉल सुटलेले असे जे निघतील ते वेगळे काढावेत. बहुतेक घरांत या ढिगातच तीन-चार चांगले कपडे सापडतात, ज्यांच्यावर थोड्याशा शिलाईचे काम असते. मोठ्याचा सदरा धाकट्याला, काकीची साडी पुतणीच्या परकराला, असे आपसांत ठरवावे. मग जे खरोखर कमी आहे तेवढ्याचीच यादी करावी आणि बाजारात जाताना ती बरोबर न्यावी. दुरुस्तीचे कपडे घेऊन शिंप्याकडे मात्र श्रावण लागण्यापूर्वीच जावे, कारण चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस तो जुन्या कपड्याला हात लावत नाही.